कंचेभागुबेव सर

ठाणे स्टेशनच्या पूर्वेला उतरून कोपरीत कुणालाही "महिपत साळवी कुठे राहतात?" असं विचारलं, तर समोरचा माणूस डोकं खाजवायचा. "कंचेभागुबेव सर" म्हटलं की तोच माणूस हातातलं काम टाकून तुम्हाला त्यांच्या चाळीच्या जिन्यापर्यंत आणून सोडायचा, आणि जाता जाता सहावीत खाल्लेल्या छडीची आठवणही सांगायचा. माणसाचं नाव पुसून त्या जागी त्याचा एखादा शब्द बसावा, हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं. साळवी सरांना त्या भाग्याचा अभिमान होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही.

कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. लांबलचक पदावली समोर आली की कोणती क्रिया आधी करायची आणि कोणती मागाहून, हे पोरांच्या लक्षात राहावं म्हणून मराठी शाळांतून पिढ्यानपिढ्या घोकून घेतलेली ही आद्याक्षरं. इतर मास्तर ती एकदा फळ्यावर लिहून पुढच्या धड्याकडे वळत. साळवी सर वळतच नसत. त्यांच्या वर्गात प्रार्थनेनंतर कंचेभागुबेव, मधल्या सुट्टीच्या आधी कंचेभागुबेव, आणि खिडकीबाहेर बघताना कुणी सापडला तर बाकावर उभं राहून कंचेभागुबेव. शेजारच्या वर्गातल्या भूगोलाच्या बाई कंटाळून नद्यांची नावंसुद्धा त्याच चालीत शिकवू लागल्या होत्या.

सर मुळात चित्रकलेचे. शाळेतले गणिताचे मास्तर भर सहामाहीत बँकेत चिकटले, तेव्हा मुख्याध्यापकांनी इकडेतिकडे बघितलं आणि साळव्यांना बोलावून घेतलं. तुमच्या रेघा सरळ असतात, गणितसुद्धा सरळच असतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. सरांना घाम फुटला. पण संगमेश्वराकडच्या त्यांच्या गावात लहानपणी एका गुरुजींनी पाठ करून घेतलेला हा मंत्र त्यांना आठवला आणि बुडत्याला काडी सापडली. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात, तसं बघता बघता चित्रकलेचे साळवी कोपरीचे गणिती झाले. चित्रकलेचा तास पुढे शिपायाने घेतला की कुणीच घेतला नाही, याची चौकशी कुणी केली नाही.

आता गोम कुठे होती ते सांगायला हवं. आठ क्ष वजा तीन क्ष अधिक दोन क्ष, याला सरळ रूप द्या. सगळ्या जगात याचं उत्तर सात क्ष येतं. बेरीज आणि वजाबाकी या पाठोपाठच्या बहिणी असल्या तरी मानाने सारख्या; डावीकडून येताना जी आधी भेटेल ती आधी करायची. आठातून तीन गेले पाच, त्यात दोन मिळाले सात. पण सरांच्या मंत्रात 'बे' आधी होता आणि 'व' शेवटी, आणि मंत्रातलं अक्षर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. म्हणून सर आधी तीन आणि दोन यांची बेरीज करत, ती पाच. मग आठातून पाच घालवत, उरले तीन. उत्तर तीन क्ष. बिचाऱ्या दोन क्षच्या पुढ्यात चांगलं अधिकचं चिन्ह उभं असायचं, पण सर त्यालाही वजाच्या टोळीत ढकलून मोकळे होत.

पुस्तकाच्या मागच्या उत्तरसूचीत अर्थातच सात क्ष छापलेलं असायचं. सर म्हणत, ही छपाईची चूक. सरकारी छापखाना आहे, तिथे दुसरं काय होणार. मग सगळा वर्ग पेनं काढून सात खोडून तीन करायचा. थोरल्याची पुस्तकं धाकट्याला, धाकट्याची बाळकुमच्या मावसभावाला, असा तेव्हा रिवाज होता. त्यामुळे सरांची दुरुस्ती त्यांच्या पायांपेक्षा लांब पोचली. बोर्डाच्या परीक्षेत असल्या गणितांचे दोन-चार मार्क जायचे, पण तेवढ्याने कुणी नापास होत नसे. मार्क का गेले याचं कारण कोपरीला पक्कं ठाऊक होतं. पेपर तपासणारी माणसं पुण्याची, आणि पुण्याच्या माणसाचा ठाण्याला मार्क देताना हात आखडतो.

इथवर सगळं चाललं असतं. पण सरांना एक मुलगी होती, शीला. बी.ए. होऊन ती स्टेशनपलीकडच्या एका वाचनालयात नोकरीला लागली होती. तिशी जवळ आली तरी तिचं लग्न जमत नव्हतं, आणि त्यात मुलीकडे, पत्रिकेकडे किंवा हुंड्याकडे बोट दाखवण्यासारखं काहीही नव्हतं. कारण होतं ते पोह्यांबरोबर येणारी पाटी.

साळव्यांच्या घरी मुलगा बघायला आला की रीतीप्रमाणे शीला पोहे घेऊन यायची आणि तिच्या मागोमाग सर पाटी-पेन्सिल घेऊन यायचे. पाटीवर ती एकच पदावली. मुलीला स्वयंपाक येतो का, गाणं येतं का, हे तुम्ही विचारणार. मग आम्ही मुलाला एवढंही विचारायचं नाही का, असा सरांचा सवाल असे, आणि तो तसा बिनतोड होता. पहिला मुलगा विमा कंपनीतला. त्याने सात लिहिलं. सर म्हणाले, पाया कच्चा. दुसरा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात इंजिनिअर. त्यानेही सात लिहिलं, वर इंग्रजीत समजावून सांगायला गेला. त्याचा तर चहाही थंडच राहिला. कल्याणच्या एकाने मला गणित येत नाही असं सरळ सांगितलं. सरांना नम्रता आवडली, पण अज्ञान आवडलं नाही. एकाने मात्र झटकन तीन लिहिलं. सर मिठी मारायला उठले, तेवढ्यात कळलं की हा आपलाच जुना विद्यार्थी, दहावीला अडकून अडकून शेवटी वडिलांच्या पिठाच्या गिरणीवर बसलेला. त्याला शीलाने नकार दिला.

"तुम्हाला जावई हवाय की वर्गाचा मॉनिटर?" असं गंगुबाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, त्या दिवशी विचारलं. सरांनी उत्तर दिलं नाही. वर्गात न विचारता बोलणाऱ्याला ते कधीच उत्तर देत नसत.

मग दौलत शिर्के आला. मुलगा डोंबिवलीचा, एम.एस्सी., तिथल्याच एका शाळेत गणित शिकवणारा. बरोबर आनंदामामा नावाचे त्याचे मामा. शीलाला तो आधीपासून माहीत होता, हे सरांना कुणी सांगितलं नव्हतं. डोंबिवलीत वाचनालयं काही कमी नाहीत, तरी हा माणूस दर शनिवारी पुस्तक बदलायला ठाण्याला यायचा, आणि बदललेलं पुस्तक न वाचताच परत आणतो हे शीलाने केव्हाच ओळखलं होतं. आईला तिने स्पष्ट सांगितलं होतं की हा शेवटचा. हा गेला तर पुढे पोहे करू नकोस.

पाटी आली. आनंदामामांनी ती उलटसुलट करून बघितली, त्यांना वाटलं जुन्या घराण्यातली काही पद्धत असेल. दौलतने पदावली वाचली, सात क्ष लिहिलं आणि पाटी दोन्ही हातांनी सरांच्या पुढे ठेवली. सरांनी निःश्वास सोडला. गणिताचा मास्तर आणि त्याला कंचेभागुबेव येत नाही, म्हणजे डोंबिवलीचं कठीण आहे, असं काहीतरी ते मामांना म्हणाले. दाराआड शीला उभी होती. दौलतला तिचा पदर दिसत होता, आणि गप्प बसून तीन लिहिलं असतं तर त्याचं काही बिघडलं नसतं. पण तोही मास्तरच.

"सर, कंचेभागुबेव मीही शिकवतो," तो म्हणाला. "पण वजाचं चिन्ह तीन क्षचं आहे. दोन क्षने काय केलंय?"

सर म्हणाले, बेरीज आधी. दौलतने आवाज चढवला नाही. उठता उठता एवढंच बोलला, "घरी कुणी नसताना एकदा जागा बदलून बघा. दोन क्षला उचलून तीन क्षच्या आधी बसवा. मुलं तीच, फक्त बाकं बदलली. पटसंख्या बदलायला नको ना?" मग त्याने सरांना वाकून नमस्कार केला आणि मामांना घेऊन निघून गेला. पोहे तसेच राहिले. शीलाने ते परत कढईत ओतले.

सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. मला बाकं बदलायला सांगतो म्हणजे काय? दोन-तीन दिवस ते पायरीपायरीवर पुटपुटत राहिले. शेवटी रविवारी दुपारी, मासळीचं जेवण जेवून सगळी कोपरी आडवी झालेली असताना, त्या पोराला खोटं पाडायचं म्हणून त्यांनी पाटी घेतली. आठ क्ष अधिक दोन क्ष वजा तीन क्ष. बेरीज आधी, दहा. मग वजाबाकी, सात. त्यांनी पाटी पुसली. नजरचूक झाली असेल. पुन्हा मांडलं, पुन्हा सात. आणि दोन क्षला त्याच्या जुन्या जागी नेलं की तीन. पदं तीच, चिन्हं तीच, मंत्रही तोच, आणि उत्तरं दोन.

आपल्या हातून काय झालंय हे सरांना तेव्हा कळलं, आणि ते खरोखर घाबरले. चूक झाली म्हणून घाबरले नाहीत. माणूस आहे, चुकायचाच. बाकावर उभी केलेली पोरं त्यांना दिसायला लागली. ती सगळी सात सात म्हणत असावीत आणि आपण त्यांना छडी दाखवत असू, असं त्यांच्या मनात आलं. गंगुबाई उठून चहा ठेवायला आल्या तेव्हा सर पाटी मांडीवर घेऊन तसेच बसलेले होते. त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. एवढ्या वर्षांच्या संसारात आपलं चुकलं हे वाक्य ते पहिल्यांदाच बोलत होते, त्यामुळे ते त्यांना जरा अडखळतच आलं.

गंगुबाई म्हणाल्या, चहा घ्या आणि आत्ताच्या आत्ता डोंबिवलीला जा. मुलगी त्याच्यात गुंतलीय, तोही गुंतलाय, तुम्ही दोन शब्द बोललात की झालं.

पण सरांचं डोकं आता पुन्हा मास्तरांचं झालं होतं. त्यांच्या साठीनिमित्त माजी विद्यार्थ्यांनी शाळेच्या पटांगणात सत्कार ठरवला होता, आणि तो तोंडावर आला होता. चूक जाहीर केली तर तिथेच जाहीर करायची, सगळ्यांसमोर, असं त्यांनी ठरवलं. दौलतलाही बोलवायचं. एका दमात चूकही कबूल होईल आणि सोयरीकही. घरच्या घरी माफी मागणं म्हणजे कंसातली गोष्ट कंसात ठेवणं, असं ते म्हणाले. बोलताना त्यांना स्वतःचाच मोठेपणा इतका जाणवला की डोळे पाणावले.

"आधी सत्कार, मग मुलगी," गंगुबाई म्हणाल्या. "जन्मभर पोरांना आधी काय आणि मागून काय हेच शिकवलंत ना?"

शीलाला मात्र वडिलांचं बोलणं खरं वाटलं. शनिवारी दौलत पुस्तक बदलायला आला तेव्हा तिने त्याला सत्काराचं बोलावणं दिलं आणि का यायचं तेही सांगितलं. त्या आठवड्यात ती घरात गुणगुणत होती. गंगुबाईंनी ते ऐकलं आणि त्याही थोड्या विरघळल्या.

सत्कार समितीचा अध्यक्ष होता जगन, इथला नगरसेवक. खाडीकाठच्या कोळ्यांचा पोरगा. सरांच्या हाताखालून गेलेला, गणितात जेमतेम पण माणसं मोजण्यात पहिल्यापासून हुशार. त्याला एकदम धक्का नको म्हणून सर आधी त्याच्या ऑफिसात गेले आणि आडवळणाने सूतोवाच केलं. जगनने आधी बाहेर बसलेल्या कार्यकर्त्यांना चहाला पिटाळलं, मग दार लावून घेतलं.

"सर, हे तुमी अजून कोणाला बोललात?" त्याने विचारलं. सरांनी नाही म्हणून मान हलवली. जगनला हायसं वाटलं. मग त्याने सरांना समजावायला घेतलं. कोपरीतली अर्धी मतं तुमच्या वर्गातून गेलेली. बँकेत, वीज मंडळात, महापालिकेत, सगळीकडे आपली तीनवाली माणसं बसलीत. शाळेचा आत्ताचा मुख्याध्यापकसुद्धा तुमचाच, तोही तीनच शिकवतो. नाक्याला 'कंचेभागुबेव चौक' असं नाव द्यायचा ठराव झालाय, पाटी रंगवून वाळत पडलीय. आता एवढ्या लोकांना जाऊन सांगायचं का, की तुमच्या लहानपणी तुमी चुकीचा मार खाल्लात? "आणि सर, खरंखोटं कोण बघतो? मेजॉरिटी तीनची आहे." सर गणितात मेजॉरिटी नसते असं काहीतरी म्हणायला गेले, पण तेवढ्यात चहा आला, आणि चहाबरोबर बटाटेवडा.

सत्काराच्या संध्याकाळी पटांगण फुलून गेलं. पुढच्या खुर्च्यांवर बँकेतले साहेब, त्यांच्या मागे कुटुंबं, बायकांच्या बाजूला जगनची आई दगडाबाई जरीचं लुगडं नेसून बसलेली. तिने शाळेचं तोंड बघितलेलं नव्हतं, पण सर तिच्या पोराला छडी मारत म्हणून तो मोठा झाला अशी तिची श्रद्धा होती. शीला आईशेजारी बसली होती. दौलत अगदी मागच्या रांगेत, एकटाच. भाषणांवर भाषणं झाली. एकाने सांगितलं की संसारात, धंद्यात, ऑफिसात, कुठेही पेच आला की मी मनात कंचेभागुबेव म्हणतो. त्याची दोन दुकानं बुडाली होती, ते त्याने सांगितलं नाही. मग सरांना 'गणितमहर्षी' ही पदवी देण्यात आली. ती द्यायचा अधिकार कुणाला होता हे विचारण्याची ती वेळ नव्हती. शाल आली, नारळ आला, हार इतका मोठा आला की सरांचं नाक फक्त वर राहिलं.

सर बोलायला उभे राहिले. हार काढून ठेवला, माइक जवळ ओढला आणि कसलीही प्रस्तावना न करता म्हणाले, "आठ क्ष वजा तीन क्ष अधिक दोन क्ष. याचं उत्तर मी तुम्हाला तीन क्ष सांगत आलो. ते चूक आहे. उत्तर सात क्ष आहे."

बँकेतल्या एका साहेबांनी शेजाऱ्याकडे बघितलं. सरांनी मागच्या रांगेकडे नजर टाकली. दौलत उठून उभा राहिला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर असा आदर होता, की तसा त्या संध्याकाळी शाल देणाऱ्यांपैकी कुणाच्याच चेहऱ्यावर नव्हता. सरांच्या छातीवरचं ओझं उतरलं. आता पुढचं बोलायचं, त्या मुलाला जवळ बोलवायचं, त्याचा हात शीलाच्या हातात द्यायचा.

तेवढ्यात जगनने माइक घेतला. "बघितलंत?" तो हसत म्हणाला. "सर अजून आपली परीक्षा घेतात. मुद्दाम चुकीचं उत्तर सांगायचं आणि वर्गात कोण जागं आहे ते बघायचं. बोला रे, जागे आहात ना? उत्तर किती?"

आणि सगळं पटांगण एका सुरात म्हणालं, तीन क्ष. सरांची तशी सवय होती हेही खरंच, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. पोटं सुटलेली, टक्कल पडलेली, पोरंबाळं मांडीवर घेतलेली माणसं पुन्हा सहावीत जाऊन ओरडली, आणि बरोबर उत्तर आल्याच्या आनंदात टाळ्या वाजवत राहिली. दगडाबाईने तर डोळे पुसले. सर हात हलवून नाही, नाही म्हणत होते. लोकांना वाटलं ते टाळ्या थांबवताहेत, म्हणून त्या आणखी वाढल्या.

टाळ्या ओसरल्या तेव्हा बायकांच्या बाजूला शीला उभी होती.

"अण्णा परीक्षा घेत नाहीयेत," ती म्हणाली. तिच्याकडे माइक नव्हता, पण ऐकू सगळ्यांना गेलं. "उत्तर सातच आहे. ते खरं सांगताहेत."

माना वळल्या. पुढच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. आता हे हसण्यावारी न्यायचं नाही हे लोकांच्या ध्यानात आलं, आणि ज्यांनी आत्ताच टाळ्या वाजवल्या होत्या त्यांचे चेहरे आंबट झाले. कुणालाही या वयात आपला पेपर पुन्हा तपासून नको होता. जगन कसलेला माणूस. त्याने माइक सरांच्या तोंडाशी धरला आणि नम्रपणे विचारलं, "मग सरांनाच विचारू. सर, तुमी फायनल सांगा."

सरांना एकच शब्द उच्चारायचा होता. तो शब्द त्यांना ठाऊक होता, तो खरा होता, आणि त्यांची मुलगी तो ऐकायला एकटी उभी होती. पण खांद्यावरची शाल ऊबदार होती. समोर एवढी माणसं त्यांच्याकडे आशेने बघत होती, आणि त्यातल्या कुणालाही खरं उत्तर नको होतं. नाक्यावरची पाटी वाळत होती. एक एक करून या सगळ्यांच्या नजरा आपल्यावरून खाली उतरतील, उद्या भाजी घेताना कुणी "सर" म्हणून हाक मारणार नाही, हे त्यांना त्या क्षणी इतकं स्पष्ट दिसलं की बाकीचं काही दिसेना.

"शीलाचं गणित," सर हसून म्हणाले, "पहिल्यापासून कच्चंच."

पटांगणात हशा उसळला. अगदी प्रेमळ हशा. घरचीच मुलगी, वडीलच चेष्टा करताहेत, यात वाईट वाटून घेण्यासारखं काय होतं? जगनने पाया पडून माइक काढून घेतला आणि आभारप्रदर्शन सुरू झालं. शीला खुर्च्यांच्या रांगेतून वाट काढत बाहेर गेली. मागच्या रांगेतली खुर्चीही रिकामी झालेली सरांनी बघितली, पण तोवर नमस्कार करणाऱ्यांची रीघ लागली होती, आणि पायाशी वाकलेल्या माणसाला सोडून कसं जायचं?

सर घरी आले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. गंगुबाईंनी त्यांच्या हातातला नारळ घेतला, देवापुढे ठेवला आणि आत गेल्या. आतल्या खोलीत शीला बॅगेत साड्या भरत होती. सर चौकटीत उभे राहिले. शाल काढायची त्यांना आठवण राहिली नव्हती.

तिनेच सांगितलं. नोंदणी पद्धतीने लग्न करायचं ठरलंय. त्याच्या घरचे आधीपासूनच तयार आहेत, आईलाही माहीत आहे. तोवर ती डोंबिवलीला आनंदामामांकडे राहणार होती. सांगताना ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर सरांना सोपं गेलं असतं, रागावलेल्या पोरांचं काय करायचं ते त्यांना येत होतं.

सर बोलायला लागले. एवढ्या माणसांत, एवढ्याशा गोष्टीसाठी, त्या लोकांचा विरस कसा करायचा. त्यांनी प्रयत्न केला नव्हता का? तिनेही ऐकलं होतं, पहिल्यांदा त्यांनी खरंच सांगितलं होतं. उद्या सकाळी ते स्वतः डोंबिवलीला जातील, दौलतची माफी मागतील, घरी बोलावून रीतसर लग्न लावून देतील. शाळेतसुद्धा हळूहळू, एकेका पोराला बाजूला घेऊन सांगतील. आता त्यांना कळलंय ना की उत्तर सात येतं. उशिरा का होईना, कळलंय.

"मला सहावीपासून माहीत होतं," शीला म्हणाली.

सरांना आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. मग त्यांना तिचे पेपर आठवले. ती त्यांच्याच वर्गात होती, आणि त्या पदावलीला तिने कधी एकदाही सात लिहिलं नव्हतं. दरवेळी तीन, दरवेळी पैकीच्या पैकी, आणि दरवेळी ते तिचा पेपर इतर पोरांना उंच धरून दाखवत.

"मग पेपरात तीन का लिहायचीस?" त्यांनी विचारलं.

शीलाने बॅगेची चेन ओढली.

"याच घरात राहायचं होतं ना, अण्णा."